गाडी नाही, तरी गाडीचा विमा

लायसन्स निलंबित झाल्याचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा निलंबन सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. खोली बदलली तेव्हा बँकेला कळवलं, ऑफिसला कळवलं, नागपूरला आईलाही पिनकोडसकट पत्ता लिहून दिला. सरकारला कळवायचं राहिलं. त्या अकरा दिवसांत मी संस्थेची व्हॅन दोनदा चालवली होती. एकदा मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या, डायलिसिसला निघालेल्या. पत्र वाचल्यावर सगळ्यात आधी त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर आला.

मी शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरा भागात एका छोट्या संस्थेत काम करते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जायचं, त्यांची औषधं, कागदपत्रं, दवाखाना बघायचं. माझ्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. पगारात ती बसत नाही आणि मेट्रा-बसवर माझं भागत होतं. एका हिवाळी दुपारी संस्थेची व्हॅन बाहेर गेली होती म्हणून सहकारी बाईंनी स्वतःची गाडी दिली. बर्फ होता, सिग्नलला पुढची गाडी थांबली, माझी घसरली आणि तिच्या मागच्या बंपरवर आदळली. कुणाला खरचटलंही नाही. पोलिसाने विम्याचं कार्ड मागितलं. कप्प्यात कार्ड होतं, पण पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वीच बंद पडलेली. एक हप्ता चुकला होता, आणि तो चुकला हे त्या बाईंनाही माहीत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. दोन नोकऱ्या करून घर चालवणाऱ्या बाईच्या बँक खात्यात कोणत्या तारखेला किती पैसे असतात, हे ज्याने तसं घर पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

दंड झाला तो वेगळा. पुढच्या गाडीचं नुकसान २,७०० डॉलरचं निघालं. ते भरायला मला वेळ लागला, मध्ये पत्ता बदलला, आणि शेवटी ते पत्र आलं.

इलिनॉयमध्ये आपल्यासारखं आरटीओ नाही, लायसन्सचा कारभार सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय बघतं. त्यांच्या मागण्या तीन होत्या: नुकसानभरपाई द्या किंवा हप्त्यांचा लेखी करार करा, लायसन्स पुन्हा सुरू करण्याची फी भरा, आणि एसआर-२२ दाखल करा. पहिल्या दोन लगेच समजल्या. तिसरीसाठी मला चार दिवस फोन करावे लागले.

बऱ्याच जणांना एसआर-२२ म्हणजे विम्याचा एक प्रकार वाटतो, मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र आहे. या व्यक्तीकडे कायद्याने सांगितलेला किमान विमा आहे, असं विमा कंपनी थेट राज्याला कळवते. आपण स्वतः भरून द्यायचा तो फॉर्म नव्हे. इलिनॉयमध्ये तो तीन वर्षं चालू ठेवावा लागतो. मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीने राज्याला कळवायचं असतं आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं. सगळीकडे ही पद्धत नाही. दुसऱ्या एका राज्यातल्या माझ्या मैत्रिणीने एसआर-२२ हा शब्दच ऐकला नव्हता, कारण तिच्या राज्यात तो नाही. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी एफआर-४४ आहे, त्यात विम्याची रक्कम आणखी मोठी लागते.

आता ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने कशाचा विमा काढायचा? पहिल्या दोन कंपन्यांच्या फोनवरच्या माणसांनी गाडीचा नंबर मागितला, मी नाही म्हटलं, त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणच्या एजंट बाईंनी सांगितलं की गाडी नसणाऱ्यांसाठी ‘नॉन-ओनर’ पॉलिसी असते. ती चालवणाऱ्याच्या नावावर असते. तुम्ही दुसऱ्याची गाडी मागून चालवली आणि कुणाला इजा झाली किंवा कुणाचं नुकसान झालं, तर ती भरपाई देते. इलिनॉयची किमान मर्यादा एका माणसाच्या इजेसाठी २५,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी ५०,००० आणि मालमत्तेसाठी २०,००० अशी आहे. मागून आणलेल्या गाडीचं नुकसान मात्र त्यात नाही, तुमचा स्वतःचा दवाखानाही नाही. शिवाय गाडीच्या मालकाचा विमा आधी वापरला जातो, तुमचा नंतर. उद्या गाडी घेतली तर हे प्रमाणपत्र पुरत नाही, मालकाचं वेगळं काढावं लागतं.

अडचण आली ती पत्त्याची. एजंट बाईंनी विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणाची गाडी आहे का? घरातली किंवा नेहमी हाताशी असलेली गाडी या पॉलिसीत बसत नाही. मी एका मराठी कुटुंबाच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहते, वर काका-काकूंच्या दोन गाड्या उभ्या. पत्ता एकच, म्हणून कंपनीच्या लेखी घर एकच. ‘आमच्या भाडेकरूकडे गाडीच्या किल्ल्या नसतात’ एवढं एक वाक्य काकूंनी लिहून द्यायचं होतं. काकू चांगल्या आहेत, दिवाळीचा फराळ ताटभर देतात. पण निलंबन हा शब्द ऐकून त्या गप्प झाल्या. ‘आमचं नाव कशात यायला नको गं,’ म्हणाल्या. दोन दिवसांनी काकांनी सही केली. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. संस्थेने मला गाडीच्या कामावरून काढून ऑफिसातल्या कागदांवर बसवलं होतं, आठवड्याचे तास चाळीसवरून चोवीसवर आले होते, आणि बसने जेवढ्या घरी जाता येईल तेवढीच माझी घरं उरली होती.

पॉलिसीचा हप्ता महिना ५८ डॉलर ठरला, फॉर्म पाठवण्याचे २५ वेगळे. मी विचारलं, रक्कम एवढी का? अपघात हे एक कारण. दुसरं कारण माझा क्रेडिट स्कोअर. माझ्यावर कर्ज नाही, क्रेडिट कार्ड मी एकच आणि तेही उशिरा घेतलं, म्हणून स्कोअर कमी. कर्ज न काढता जगणं आपल्याकडे शहाणपणाचं मानतात. इथे तुम्ही गाडी किती नीट चालवता याच्या हिशेबात तुम्ही उधारी किती केली हेही येतं. हे अपरिहार्य आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनीच प्रस्ताव १०३ मंजूर केला, तिथे दर मुख्यतः ड्रायव्हिंगच्या नोंदीवर ठरतात आणि क्रेडिट स्कोअर चालत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही चालत नाही.

मित्रहो, इथे कुणी म्हणेल, नियम मोडलास, आता भोग. माझं उत्तर सरळ आहे. विम्याच्या सक्तीला माझा विरोध नाही. ज्याचा बंपर मी फोडला तो गोदामात तासावर काम करणारा माणूस होता. विमा असता तर त्याची गाडी काही आठवड्यांत दुरुस्त झाली असती. माझ्या हप्त्यांची वाट बघत तो पाच महिने दोरीने बांधलेला बंपर घेऊन फिरला. विमा नसल्याचा पहिला फटका त्याला बसला, मला नंतर. तेव्हा सक्ती हवीच. प्रश्न असा आहे की राज्य जी गोष्ट घ्यायला भाग पाडतं, तिची किंमत खासगी कंपनीने माझी ऐपत जोखून का ठरवावी?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असं मांडलं होतं. व्यक्तीला जास्त सुरक्षितता मिळेल आणि राज्याला आर्थिक नियोजनासाठी पैसा मिळेल, ही त्यामागची दोन कारणं. ते आयुर्विम्याच्या सक्तीबद्दल बोलत होते, गाडीच्या नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या तोंडी मी एसआर-२२ घालणार नाही. पण ‘वेतनाच्या प्रमाणात’ हे शब्द पुन्हा वाचा. सक्ती आणि ऐपत त्यांनी एकाच वाक्यात ठेवली आहे. गाडीच्या विम्यातही हे जमतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया, सास्कॅचेवन आणि मॅनिटोबा या प्रांतांत गाडीचा मूलभूत विमा सार्वजनिक संस्था देते. भारतात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो गाडीच्या प्रकारावर असतो, मालकाच्या उधारीवर नाही. आपल्या रस्त्यांवर विम्याशिवाय किती गाड्या धावतात हा भाग निराळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

निलंबनाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. जॉर्जिया राज्यात एक धर्मोपदेशक तीन खेड्यांत गाडीने फिरून सेवा करत असे. १९६८ साली पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून त्याच्या गाडीच्या बाजूवर येऊन आदळली. त्याच्याकडे विमा नव्हता. चूक कुणाची हे न बघताच, मागितलेली रक्कम तारण ठेव नाहीतर लायसन्स जाईल, असं राज्याने सांगितलं. १९७१ मध्ये बेल विरुद्ध बर्सन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की लायसन्स पोट भरण्यासाठी लागतं, ते काढून घेण्याआधी चुकीचा मुद्दा धरून सुनावणी द्यावीच लागेल. म्हणूनच माझ्या जुन्या पत्त्यावर आधी आणखी एक पत्र गेलं होतं, त्यात सुनावणी मागण्याची मुदत होती. हक्क होता, पाकीट पोचलं नाही. अपघातात चूक माझीच होती, त्यामुळे सुनावणीने निकाल बदलला नसता. पण त्या व्हॅनमध्ये मी बसले नसते.

आणि कायदा बदलतोही. इलिनॉयमध्ये पार्किंगचे दहा दंड थकले तरी लायसन्स जात असे. ज्यांच्याकडे दंड भरायला पैसे नाहीत त्यांची कामावर जायची सोयच काढून घ्यायची, असा तो उफराटा न्याय. लोकांनी संघटित होऊन तो हाणून पाडला, १ जुलै २०२० पासून ते बंद झालं.

माझं लायसन्स सात आठवड्यांनी परत मिळालं. तीन वर्षांतले एकोणीस महिने झाले आहेत. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो, तीन तारखेला मी खातं तपासते. संस्थेत आता असा कागद घेऊन कुणी आलं तर माझ्याकडे पाठवतात. उद्या सकाळी साडेनऊला एक मेक्सिकन आजोबा येणार आहेत, त्यांच्या नातवाचं लायसन्स गेलंय आणि गाडी त्याच्या काकाच्या नावावर आहे. सध्याचा पत्ता सरकारी नोंदीत आहे का, हे त्याला मी सगळ्यात आधी विचारणार आहे. किल्ल्या कुणाकडे असतात, हे त्यानंतर.