आधी कुठलं ठाणं?

पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांत मला लढाईपेक्षा लढाईआधीचा बेत जास्त आवडतो. पडद्यावर नकाशा उघडलेला असतो. पाच-सहा शहरं, मधे डोंगर, दलदल, दोन-तीन खाणी, एखादी पवनचक्की आणि एका कोपऱ्यात माझं सैन्य. यातलं आधी काय घ्यायचं, मग काय, आणि काय मुळीच घ्यायचं नाही? कॉलेजात असताना पडलेला हा प्रश्न केस पांढरे व्हायला लागले तरी माझ्याबरोबर आहे.

तो मला दिला ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या खेळाने. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग या अमेरिकी कंपनीने तो १९९९ साली काढला आणि आमच्या हॉस्टेलवर तो सीडीवरून पोचला. मजल्यावर कम्प्युटर एकच होता. पण या खेळात ‘हॉट सीट’ची सोय आहे: एकाच यंत्रावर सगळ्यांनी आळीपाळीने बसायचं आणि एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांनी पडद्याकडे पाठ करायची. माझी पाठ फिरलेली असायची तेव्हा मी जर्नलमधल्या ग्राफ पेपरवर आठवणीने नकाशा काढायचो आणि पेन्सिलीने मोहीम आखायचो. ते तास माझ्या विद्यार्थीदशेतल्या सर्वांत एकाग्र तासांपैकी होते.

या खेळात प्रत्येक सरदाराला रोज चालीचे ठरावीक गुण मिळतात. गवतावर एक घर पुढे जायला १०० गुण लागतात, दलदलीत १७५, आणि फरसबंद रस्त्यावर फक्त ५०. म्हणजे दलदलीपलीकडचं चार घरांवरचं शहर हे रस्त्यावरच्या बारा घरांवरच्या शहरापेक्षा महाग पडतं. नकाशावर बोटांनी मोजलेलं अंतर इथे कामाला येत नाही. मी ग्राफ पेपरवर घरं मोजणं सोडलं आणि दिवस मोजायला लागलो, तेव्हा कुठे हा खेळ मला कळायला लागला.

त्याहून खोल नियम दुसराच आहे. सरदाराच्या दिवसभराच्या चालीचा हिशेब सकाळी होतो, आणि तो होतो त्याच्या सैन्यातल्या सर्वांत मंद तुकडीवरून. सगळे ड्रॅगनसारखे वेगवान असतील तर २,००० गुण. त्यांत एक जरी तुकडी पाय ओढत चालणाऱ्या प्रेतांची असली तर १,५०० गुण. एका मंद तुकडीपायी पाव मजल बुडते. पण हिशेब सकाळीच होतो, ही फट चाणाक्ष खेळाडू ओळखतो. रात्री तो मंद तुकडी शेजारी उभ्या असलेल्या दुय्यम सरदाराकडे ठेवतो आणि सकाळी पूर्ण चाल पदरात पडल्यावर परत घेऊन कूच करतो. याच्या पुढची पायरी म्हणजे सरदारांची साखळी. टँकर आला की रांगेतून कळशी हातोहात पुढे जाते, तसं सैन्य एका सरदाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातं आणि कुणा एकट्याला तीन दिवस लागले असते तो पल्ला एका दिवसात गाठतं. हे पहिल्यांदा जमलं, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आणि मग आठवडा. शहरांमध्ये नवे सैनिक भरतीला येतात ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी. शत्रूचं शहर दुसऱ्या दिवशी घेतलंत तर आदल्याच दिवशी त्याने तिथली भरती उचललेली असणार. तेच शहर सातव्या दिवशी संध्याकाळी घेतलंत तर दुसऱ्या सकाळची ताजी कुमक तुमची, आणि त्याच्या नशिबी काही नाही. म्हणून मी मोहीम उलटीकडून आखायला शिकलो: सातव्या दिवशी सैन्य कुठे हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत आजच्या चालीपर्यंत पोचायचं.

शेवटचं शहर गेलेल्या खेळाडूला नवं मिळवायला सात दिवस मिळतात. तेवढ्यात त्याला ते जमलं नाही तर तो बाद. त्याचा बलाढ्य सरदार मग रानोमाळ कितीही फिरो. त्याचा पाठलाग करणं म्हणजे त्याने आखलेल्या वाटेवरून चालणं. आपण शहरं धरून बसायचं, म्हणजे त्यालाच आपल्याकडे यावं लागतं.

हे सगळं डोक्यात मुरलेलं असतानाच मी पालखेडची मोहीम वाचली, आणि शाळेत सनावळीत पाठ केलेली ती लढाई डोळ्यांसमोर नकाशासारखी उलगडली. निजाम पुण्यावर चालून आला, पण बाजीराव पुणे वाचवायला धावला नाही. बऱ्हाणपूरची हूल देत तो जालना, खानदेश, गुजरात असा फिरत राहिला आणि मग औरंगाबादच्या रोखाने वळला. निजामाला पुणे सोडून यावंच लागलं. त्याच्यामागे अवजड तोफखाना होता आणि बाजीरावाकडे निव्वळ घोडदळ. २८ फेब्रुवारी १७२८ च्या सुमारास वैजापूरजवळ पालखेडला निजाम पाण्यावाचून कोंडला गेला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई अशी झालीच नाही; मार्गानेच निकाल लावला. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांची फौज यात्रेकरू आणि कुटुंबकबिला घेऊन अडकली. ते वाचताना मात्र मला मंद तुकडीचा नियम आठवून पोटात खड्डा पडतो. खेळात ती तुकडी रात्री दुसऱ्याच्या हवाली करता येते. माणसांना असं कुठे ठेवणार?

नोकरी लागली ती एका औषध वितरकाकडे. गाड्या कुठल्या क्रमाने गावं घेत जातील ते ठरवणं माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात त्याला ‘बीट’ म्हणतात. एका गावाहून दुसऱ्या गावाची सर्वांत स्वस्त वाट काढायची सुंदर रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये सुचली. ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता. १९५९ मध्ये ती छापून आली. खेळात लांबच्या जागेवर क्लिक केलं की आजच्या टप्प्यापर्यंत हिरवा आणि पुढे लाल असा बाण उमटतो, तोही असाच स्वस्त वाट दाखवतो. पण ‘तिथे कसं जायचं’ एवढंच त्या बाणाला ठाऊक असतं. ‘आधी कुठे जायचं’ हे तो सांगत नाही. गोदामासकट दहा जागा धरल्या आणि गोदामातून निघून परत गोदामात यायचं असलं, तर उलटसुलट फेरा एकच मोजूनही शक्य असलेले फेरे १,८१,४४० होतात. पंधरा जागा धरल्या तर फेरे चार हजार तीनशे कोटींहून जास्त. त्यातला योग्य फेरा निवडायला वेळेचं भान लागतं. ज्या गावचा आठवडे बाजार उद्या आहे तिथे माल आज संध्याकाळी पोचला पाहिजे, मग गाडीला वळसा पडला तरी चालेल. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. सातव्या दिवसाच्या शहराने ते आधीच शिकवलं होतं, आणि त्याबद्दल मी त्या खेळाचा मनापासून ऋणी आहे.

आता माझी मुलगी ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळते. २०१६ चा खेळ, षट्कोनी घरांचा. मी शेजारी बसतो. एकदा तिने मला खेळायला दिलं आणि मी सवयीने वाटेतलं एकेक शहर जिंकत निघालो. थोडा वेळ बघून ती म्हणाली, “बाबा, तू वाटेतली सगळी गावं कशाला घेतोस? राजधान्या बघ फक्त.” ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. तिथे वर्चस्वाचा विजय मिळतो तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी ताब्यात आल्यावर. बाकी शहरांचा हिशेब नाही. तिने नकाशा लहान केला, राजधान्यांवर बोट ठेवत एक रेघ ओढली आणि मोठी मोठी शहरं त्या रेघेच्या बाहेर ठेवली. त्यांतली काही श्रीमंत होती, काही हातातोंडाशी आलेली. ती सोडायला जो ठामपणा लागतो तो तिच्यात या वयात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

वेगाने जिंकणाऱ्याचं कौशल्य मी आता ओळखतो ते त्याने काय सोडलं यावरून. खाण दिसली की वळणारा, पवनचक्की दिसली की थांबणारा खेळाडू हरतोच असं नाही, पण त्याची मोहीम लांबते आणि तेवढ्यात शत्रूच्या भरतीचा आणखी एक आठवडा उगवतो.

तुम्ही हे खेळ खेळत असाल, किंवा घरात कुणी खेळत असेल, तर एवढं करून पाहा. नवा नकाशा उघडला की पहिली चाल करायच्या आधी एक कागद घ्या आणि सातव्या दिवशी सैन्य कुठे असायला हवं ते त्यावर लिहा. मग वाटेतली कुठली ठाणी सोडणार आहात त्यांची नावं लिहा. पहिला क्लिक त्यानंतर करा.