मांडवातला प्लेयर बैठकीत

लग्नाच्या मांडवात सीडी वाजणं केव्हाच बंद झालं. आता पोरं लॅपटॉप आणतात, नाहीतर सरळ मिक्सरलाच पेन ड्राइव्ह खोचतात. पण अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, उदगीर या पट्ट्यात ज्यांनी साऊंडचा धंदा केला, त्यांच्या गोडाऊनमध्ये जुन्या कनातींच्या गठ्ठ्यांमागे रॅकमध्ये बसवलेला एखादा सीडी प्लेयर हमखास सापडतो. टॅस्कॅमचा, डेनॉनचा, नाहीतर डीजेवाल्यांचा पायोनियर सीडीजे. माझाही तसाच पडून होता. तो मी पुसून घरी आणला, बैठकीतल्या अॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवला, आणि आता संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्यावर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो.

घरी मी त्याच्याकडून अर्धंच काम करून घेतो. सीडी प्लेयरच्या पोटात खरं तर दोन यंत्रं असतात. एक तबकडी वाचतं, दुसरं वाचलेल्या आकड्यांचा आवाज करतं. हायफायवाले पहिल्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात आणि दुसऱ्याला डॅक. मांडवाच्या प्लेयरमधला डॅक त्या काळच्या मानाने बरा, पण आज बाजारात त्याहून कितीतरी चांगले डॅक वेगळे मिळतात. वाचण्याची बाजू मात्र अजून भक्कम आहे. म्हणून वाचायचं काम त्याने करायचं आणि आकडे डिजिटल वायरीने बाहेर द्यायचे.

ज्या १९८२ साली आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी जपानात सोनीचा पहिला सीडी प्लेयर विक्रीला आला. सोनी आणि फिलिप्सने ठरवलेली मापं आजही तीच आहेत: डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. लेझर आतून बाहेर वाचत येतो आणि तबकडी मिनिटाला साधारण ५०० फेऱ्यांवरून २०० फेऱ्यांपर्यंत मंदावत जाते. चुका दुरुस्त करायची सोय इतकी पक्की आहे, की तबकडीवरच्या आकड्यांच्या मागावर अडीच मिलिमीटरपर्यंतची खाच पडली तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. आडवा, म्हणजे मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा म्हणूनच फारसा त्रास देत नाही. गोल, मागाच्या दिशेने पडलेला ओरखडा वाईट. सीडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, गोल कधीच नाही.

आता धंद्याच्या मशीनचा स्वभाव. ते घोषणा करणाऱ्यासाठी आणि ऑपरेटरसाठी घडवलेलं असतं. वरमाला पडली की त्याच क्षणी सनई सुरू व्हायला हवी. त्यासाठी ते गाणं आधीच स्मृतीत वाचून ठेवतं आणि पॉज काढला की तत्काळ वाजतं. त्याच्यात ऑटो क्यू नावाची सोय असते. ट्रॅकच्या आरंभाची शांतता ओलांडून, आवाज ठरावीक पातळीच्या वर जिथे येतो नेमकं तिथे मशीन जाऊन उभं राहतं. मांडवात ही सोय म्हणजे देवाची कृपा. बैठकीत तीच गाण्याचा जीव घेते. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी तानपुरा हळूहळू वर येतो, जवारी खुलते, खोली सुरांनी भरते आणि मग गवई षड्ज लावतो. ऑटो क्यूच्या लेखी तानपुऱ्याचा तो पहिला हलका भाग म्हणजे शांतताच. तो कापला जातो आणि गाणं अंगावर आल्यासारखं सुरू होतं. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे मेनूत जाऊन ऑटो क्यू बंद करणं. दुसरं, सिंगल प्ले बंद करणं, नाहीतर मैफलीच्या सीडीत विलंबित संपल्यावर मशीन थांबून पुढच्या हुकमाची वाट पाहत बसतं.

डीजेच्या प्लेयरमध्ये वेगाची पट्टीही असते. ती शून्यावर आहे की नाही हे डोळ्यांनी नाही, डिस्प्लेवर पाहून ठरवावं. वेग सहा टक्के वाढला की सूर श्रुतिपेटीची जवळपास एक पट्टी वर जातो, काळी दोनचं गाणं पांढरी तीनला पोचतं. पण पाव टक्का चढला तर कानाला पत्ता लागत नाही आणि मन मात्र अस्वस्थ राहतं. मास्टर टेम्पो नावाची सोय लावून सूर जाग्यावर ठेवता येतो, पण मग आकड्यांवर प्रक्रिया होते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

जोडणीत खरी मेख आहे. घरगुती डॅकला आरसीएची कोएक्सियल वायर लागते. तिची इम्पीडन्स ७५ ओहम आणि सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास. धंद्याच्या बऱ्याच मशीनवर मागे एक्सएलआर असतो, त्यातून एईएस-ईबीयू निघतं: ११० ओहम, दोन ते सात व्होल्ट. एक्सएलआरची तार कापून आरसीएला जोडणारे बरेच भेटतात. वाजतं ते, पण कधी लॉक सुटतो, कधी टिक टिक येते. एका बाजूने ११० आणि दुसऱ्या बाजूने ७५ ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तोच घालावा. त्याने व्होल्टेजही उतरतं आणि दोन मशीनचं अर्थिंग एकमेकांपासून तुटतं.

अर्थिंगचं आमच्या भागात फार महत्त्व आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि स्पीकरमध्ये घूं घूं सुरू होते. अशा वेळी लोक तीन पिनांतली वरची पिन काढून टाकतात. हे कृपा करून करू नका. धंद्याच्या मशीनची पेटी पोलादी असते, तिला अर्थिंग हवंच. खड्ड्यात पाणी ओता आणि वायरीत ट्रान्सफॉर्मर घाला.

आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींत वरचे सूर मुद्दाम चढवून भरलेले असत आणि वाजवताना ते उतरवायची खूण तबकडीत लिहिलेली असे. व्यावसायिक पद्धतीच्या सिग्नलमध्ये ही खूण वेगळ्या जागी लिहिली जाते आणि घरगुती डॅकला ती नेहमीच कळते असं नाही. मग तबल्याची चाट कानात टोचायला लागते. एखादीच सीडी अशी कर्कश वाजत असेल तर दोष मशीनचा नाही, तबकडीचाही नाही. मशीनला आरसीए किंवा ऑप्टिकल आउट असेल तर त्या सीडीपुरता तो वापरावा.

आवाज कसा आहे, हा प्रश्न सगळे विचारतात. मी घरच्या साध्या प्लेयरचा आणि या मशीनचा डिजिटल सिग्नल कॉम्प्युटरवर भरून घेतला, दोन्हींची सुरुवात जुळवली आणि एकातून दुसरा वजा केला. काही उरलं नाही. आकडे अक्षरशः एकच होते. ज्या डॅकमध्ये स्वतःचं नीट घड्याळ आहे, त्याच्यावर मला दोघांत फरक ऐकू येत नाही. जुन्या डॅकवर, जो येणाऱ्या सिग्नलच्याच तालावर चालतो, तिथे झांजेच्या शेवटाला थोडा फरक पडतो, एवढंच. ट्रान्सपोर्ट बदलला म्हणून गायक खोलीत येऊन बसला, असं सांगून लाखाची यंत्रं विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मग हेच मशीन का? कारण ते उघडता येतं. चार स्क्रू काढले की झाकण निघतं. बोर्डावर टेस्ट पॉइंट नावासकट छापलेले असतात. त्यातल्या आरएफ पॉइंटला ऑसिलोस्कोप लावला की तबकडी वाचताना पडद्यावर लाटांचं जाळं दिसतं. मध्ये शंकरपाळ्यांसारखे स्वच्छ चौकोन दिसले तर लेझर ठणठणीत. चौकोनांच्या कडा धुरकटल्या, जाळं बुटकं झालं, की काहीतरी बिघडतंय. बहुतेक वेळा लेझर मेलेला नसतो. लेन्सवर मांडवाची धूळ बसलेली असते, नाहीतर हेड ज्या दांड्यावर सरकतं त्यावरचं ग्रीस वाळलेलं असतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून लेन्स हलक्या हाताने पुसली, दांडा साफ करून नवं ग्रीस दिलं, ट्रेचा रबरी पट्टा बदलला, की ते चौकोन डोळ्यांदेखत उघडतात.

असं जुनं मशीन विकत घेताना मात्र तपासून घ्या. मोठी, सत्तर मिनिटांच्या वरची सीडी लावा आणि शेवटचा ट्रॅक ऐका. थकलेलं मशीन आत ठीक वाचतं आणि कडेला अडखळतं. शांत खोलीत कान जवळ नेऊन फिरण्याची घरघर ऐका. मांडवात ती कोणाला ऐकू आली नसेल, बैठकीत येईल. लेझरचं हेड अजून मिळतं का, ते पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

साऊंडवाल्या भावांना एकच विनंती आहे. गोडाऊन साफ करताना हे प्लेयर किलोच्या भावाने भंगारात घालू नका. एकदा झाकण उघडा, लेन्स पुसा, सीडी लावून पाहा. तुम्हाला नको असेल तर गावात सीडी जपून ठेवलेलं एखादं घर नक्की असेल, तिथे द्या.