तागडींतील सरस्वती

ग्रंथ मोठा कीं ग्रंथांचा ढीग मोठा, असें कोणी विचारलें, तर सुशिक्षित मनुष्य हंसून ग्रंथाच्याच बाजूनें कौल देईल. परंतु अलीकडे पुस्तकांच्या मोठ्या प्रदर्शनांतून मान ढिगालाच मिळूं लागला आहे. गेल्या हिंवाळ्यांत गुलटेकडीस मार्केट यार्डाच्या परिसरांत भरलेल्या अशाच एका प्रदर्शनास आम्ही सहकुटुंब गेलों. तेथें पुस्तकें किलोच्या भावानें मिळतात, अशी त्याची ख्याति होती.

मार्केट यार्ड हें स्थळ बोधप्रद आहे. कांदा, बटाटा, गूळ, भुसार, फळें व फुलें यांचा येथें घाऊक व्यापार चालतो. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरतो, तोलणार तो तोलतो आणि हमाल तो पाठीवरून वाहून नेतो. पण येथेंही भाव ठरण्यापूर्वीं मालाची प्रत पाहिली जाते. निवडक कांदा व गोलटी यांस एकच दर कोणी देत नाहीं.

प्रदर्शनांत तेवढाही विवेक नव्हता. परदेशी परीक्षांच्या जुन्या मार्गदर्शिका, पाककृतींचीं गुळगुळीत पुस्तकें, कालबाह्य संगणकविद्येचे जाडजूड ग्रंथ आणि मधूनच एखादी उत्तम इंग्रजी कादंबरी, सारें एकाच दरानें! या न्यायानें कवितेच्या कृश पुस्तकाची काय योग्यता ठरावी, हें सांगणें नलगे. मराठी पुस्तकें एका कोपऱ्यांत दोन टेबलांवर होतीं.

तेथेंच कामावरून परस्पर आलेले एक हमाल विक्रेत्यास विचारीत होते, "पोरगी आठवीला हाय. इज्ञानाचं मराठीत काही सोपं मिळंल का?" विक्रेत्यानें इंग्रजी ढिगाकडे बोट दाखविलें. गृहस्थ क्षणभर थांबले व रिकाम्या हातीं निघून गेले. आमच्या निराशेचें खरें कारण हें. आमची पिशवी भरली कीं नाहीं, हा मुद्दा गौण.

विद्या आणि बाजार यांचा तंटा पुण्यास नवा नाहीं. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ सालीं येथें मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरलें. १८८५ च्या संमेलनाचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें, तेव्हां ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखास थारा नाहीं, त्यांच्या कर्त्यांशीं आपला मेळ बसणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं धाडलें. याच जोतीरावांनीं नगरपालिकेचे सभासद असतां मंडईच्या खर्चिक इमारतीस विरोध केला होता. शिक्षणाचा खर्च त्यांस अधिक निकडीचा वाटे. १८८६ सालीं उघडलेली ती मंडई आज त्यांचेंच नांव मिरविते, आणि तेथील घाऊक व्यापार पुढें गुलटेकडीस आला.

स्वस्ताईस आमचा विरोध नाहीं. ग्रंथ गरिबाच्या घरीं जावयाचा, तर तो स्वस्तच हवा. परंतु विकणाऱ्यानें आपला वाचक कोण, हें आधीं ओळखावें. शेतमालाच्या बाजारास शिस्त लागावी म्हणून महाराष्ट्रानें १९६३ सालीं कायदा केला. पुस्तकांच्या बाजारास कायदा नको, गिऱ्हाइकास "कोणासाठीं हवें?" एवढें आपुलकीनें विचारणारा एक जाणता विक्रेता पुरे. तो त्या दिवशीं तेथें असता, तर आठवींतील एका मुलीच्या घरीं एक पुस्तक गेलें असतें. एवढ्या मोठ्या प्रदर्शनाकडून ही अपेक्षा फार मोठी होती, असें आम्हांस वाटत नाहीं.