गाळून झाल्यावरची नळी

स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा भिंतीवरचं आरओ काढून ओट्याखाली बसवायचं आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी तोटी सिंकशेजारी घ्यायची असं ठरलं. बसवणारे दादा म्हणाले, "ताई, जुनी नळी पुरणार नाही. तुम्ही आणून ठेवा, नाहीतर माझ्याकडे असेल ती लावून देतो." आमच्याकडे बोअरचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकरचं, त्यामुळे आरओवाचून भागत नाही. यंत्र घेताना मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा तो बारीक पडदा, कुठल्या बनावटीचा आहे इथपर्यंत आम्ही खोदून विचारलं होतं. नळीबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. घरात पितो तो प्रत्येक घोट तिच्यातून येतो, हे दादांचं "असेल ती" ऐकल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन मी "आरओची नळी द्या" म्हटलं. काकांनी विचारलं, "पाव इंची की तीन सुती?" मला उत्तर देता येईना. त्यांनी समजावलं: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, घरगुती यंत्रात बहुतेक ठिकाणी पाव इंची नळी असते, आणि हे माप बाहेरून धरतात, आतल्या पोकळीचं नाही. शेजारीच अगदी तशीच दिसणारी, हाताला मऊ लागणारी निळी नळी होती. ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची, सहा मिलिमीटरची. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. काका म्हणाले, "डोळ्याला कळत नाही, पण जोडाला कळतं. ही त्यात घट्ट बसत नाही, मग पाणी झिरपतं." जुन्या नळीचा वीतभर तुकडा कापून सोबत आणावा, हे मला तिथे शिकायला मिळालं.

माप ठरलं, आता प्रश्न होता प्लास्टिकचा. काउंटरवर एक काचेसारखी पारदर्शक, छान वाकणारी नळी होती, आणि तीच सगळ्यात स्वस्त. ती पीव्हीसीची निघाली. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे मऊ करणारी रसायनं, मिसळतात. यातली थॅलेट वर्गातली रसायनं प्लास्टिकला पक्की चिकटलेली नसतात, ती हळूहळू बाहेर पडू शकतात. अन्नपाण्यासाठी योग्य दर्जाचं पीव्हीसीही बनतं, पण या नळीवर तसं काहीच छापलेलं नव्हतं. दुसरी होती सिलिकॉनची, स्वच्छ आणि मऊ, पण आरओच्या पंपाचा दाब साध्या सिलिकॉनला झेपत नाही. तिसरी जरा ताठ, दुधी रंगाची, एलएलडीपीईची. हे पॉलिथिनच्या कुळातलं प्लास्टिक, आणि त्याला वाकण्यासाठी वेगळं मऊ करणारं रसायन घालावं लागत नाही. हाताला सगळ्यात कमी आवडलेली नळीच कामाची निघाली.

"फूड ग्रेड आहे ना?" मी विचारलं. "एकदम फूड ग्रेड," काका म्हणाले. पण ते कशावरून कळतं, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी गुंडाळी उलगडून नळीवरची बारीक छपाई दाखवली. ठरावीक अंतराने तोच मजकूर पुन्हा येत होता: बनवणाऱ्याचं नाव, माप, दाब आणि एक मानक क्रमांक. घरी येऊन मी त्याच्या मागे लागले. भारतीय मानक आयएस १०१४६ हे अन्न, औषधं आणि पिण्याचं पाणी यांच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिथिनसाठी आहे. अमेरिकी एनएसएफ ६१ हे पिण्याच्या पाण्याच्या वाटेवरच्या वस्तूंचं मानक, त्यांतून पाण्यात काय उतरतं ते तपासणारं. "उतरणं" मोजायची पद्धत आपल्याकडेही आहे, आयएस ९८४५. अन्नाच्या प्लास्टिक वेष्टनांसाठीच्या २०१८ च्या नियमांत त्याची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे, आणि डोळ्याला दिसेल असा रंग तर अजिबात उतरता कामा नये. "फूड ग्रेड" या दोन शब्दांमागे अशी मोजमापं असतात, आणि छपाई नसेल तर आपल्या हाती फक्त दुकानदाराचा शब्द उरतो.

घरात टीडीएस मीटर होतं. नळीतून पाणी सोडून त्यानेच तपासू, असं माझ्या मनात आलं. पण हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. प्लास्टिकमधून उतरणारी थॅलेटसारखी रसायनं वीज वाहून नेत नाहीत. नळी कितीही वाईट असली तरी आकडा छानच दिसणार. ज्या मीटरवर आमचा इतका भरवसा, त्याला या प्रश्नातलं काहीच कळत नव्हतं.

एक साधी परीक्षा मात्र सापडली. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं, पीव्हीसी जड. दुकानातून मागून आणलेले दोन्ही नळ्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मी पातेल्यातल्या पाण्यात टाकले. सुरुवातीला दोन्ही तरंगले, कारण आत हवा अडकली होती. चिमट्याने पाण्याखाली धरून हलवल्यावर बुडबुडे निघाले. मग पारदर्शक तुकडा तळाशी जाऊन बसला आणि दुधी तुकडा पुन्हा वर आला. म्हणजे ती पीव्हीसी नाही एवढं कळलं. ती चांगल्या दर्जाची आहे का, हे पातेलं सांगू शकत नाही. त्यासाठी छपाईच लागते.

आता पैशाचा हिशेब. छापील मानकाची नळी साध्या नळीच्या जवळपास दुप्पट भावाची होती, म्हणून यंत्र उघडून कोणती नळी कुठे जाते ते बघायला बसले. एक कच्चं पाणी आत आणते. एक टाकाऊ पाणी मोरीत सोडते. एक मेम्ब्रेनपासून टाकीकडे जाते, आणि शेवटची कार्बनच्या शेवटच्या फिल्टरमधून निघून तोटीला पोचते. टाकाऊ पाण्याची नळी साधी असली तरी बिघडत नाही. कच्च्या पाण्याच्या नळीतून काही उतरलं तरी पुढे कार्बन आणि मेम्ब्रेन आहेत. त्या शेवटच्या नळीनंतर मात्र कुठलाच फिल्टर नाही. तिच्यातून जे उतरेल ते थेट पेल्यात. शिवाय आमची तोटी लांब असल्यामुळे रात्रभर पाणी या नळीतच साठून राहणार. मग मेम्ब्रेनच्या पुढे सगळीकडे चांगली नळी घ्यायची आणि मोरीकडे साधी, असं ठरवलं. एकूण फरक शंभर रुपयांच्याही आतला निघाला.

रंगाचं कारण दादांनी बसवताना सांगितलं. पारदर्शक नळीत उजेड शिरतो आणि कालांतराने आत शेवाळ धरतं, म्हणून दुधी किंवा गडद नळी बरी. गरम जागेजवळून ती नेऊ नये, कारण तापलेल्या प्लास्टिकची दाब सहन करायची ताकद कमी होते. ओट्याखाली उंदीर येत असतील तर नळी जाड आवरणातून न्यावी. हे सगळं त्यांना पाठ होतं. मी विचारलं नसतं तर ते बोलले नसते.

शेवटचा जोड त्यांनी मला करू दिला. मी कात्री घेतली, तर त्यांनी थांबवलं. कात्रीने नळी चेपते आणि तोंड लांबट होतं. धारदार पात्याने सरळ काटकोनात कापायची. जोडाच्या आत नळीला धरणारं दातेरी कडं असतं आणि त्यामागे पाणी अडवणारं रबरी कडं. नळी आधी दातेरी कड्याशी अडते आणि बसल्यासारखी वाटते. तिथे न थांबता आणखी जोर लावायचा, म्हणजे ती रबरी कड्यातून पार जाऊन टेकते. साधारण दीड सेंटीमीटर आत गेली पाहिजे. मग ओढून बघायची, आणि क्लिप लावायची. घट्ट बसलेल्या नळीत आणि गळतीत त्या शेवटच्या ढकलण्याएवढंच अंतर आहे, हे हाताला कळलं.

नवी नळी लावल्यावर सुरुवातीचं पाणी आम्ही भांडी घासायला वापरलं, आणि आता रोज सकाळी तोटी थोडी सोडून मगच पेला भरतो. दर वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टर नवा घातला का, हे आपण सगळेच विचारतो. त्यासोबत आणखी एक विचारावं: शेवटच्या फिल्टरनंतर कुठली नळी लावली, आणि तिच्यावर काय छापलंय ते दाखवा. दाखवता आलं नाही, तर ती नळी मोरीकडे वळवावी आणि पिण्यासाठी दुसरी आणावी.