साहेबाचे ओटे

आमच्या इतिहास मंडळाची मालमत्ता म्हणजे एक लोखंडी कपाट, पन्नास फुटी टेप आणि वाळवीने अर्धे खाल्लेले मोडी कागद. माणसं सात-आठ. निवृत्त मास्तर, एक आंबा बागायतदार, ट्रॉलरवरून उतरलेले आबा, आणि मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला मी. बैठक मास्तरांच्या पडवीत. चहा दोनदा, भांडण निदान एकदा.

विजयदुर्गचा इतिहास म्हटलं की सगळे आंग्र्यांकडे धावतात. तुळाजी आंग्रे, १७५६ मध्ये चालून आलेले वॉटसन आणि क्लाइव्ह, गिर्येची खडकात कोरलेली गोदी. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही हात घातला तो किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांना.

गोष्ट गावात पोरासोरांनाही पाठ. १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर साहेबाने या ओट्यांवर दुर्बिणी मांडून खग्रास ग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हीलियम शोधला. शाळेत असताना याच विषयावर भाषण ठोकून मी कंपासपेटी पटकावली होती. त्या तारखेला इथे हीलियम दिनही साजरा होतो.

एका पावसाळी बैठकीत मी हेच कागदावर उतरवत होतो. बाहेर पागोळ्यांचा नुसता धिंगाणा. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मास्तरांनु, ऑगस्टात हयसर सूर्य दिसता खंय? सायब काय खुळो होतो?"

आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर मला झोप येईना. चाळीस पावसाळे दर्यावर काढलेला माणूस आभाळाबद्दल बोलत होता, आणि आमच्यातल्या एकाही शिकलेल्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मुलीने लॅपटॉपवर 'नेचर'चे जुने अंक उघडून दिले. त्याचा संस्थापक संपादक लॉकियरच. आठवडाभर 'विजयदुर्ग' शोधतोय, काही मिळेना. मग बागायतदारांना एका जुन्या इंग्रजी नकाशावरचं नाव आठवलं, 'विझियाद्रुग'. ते टाकलं आणि घबाडच हाती लागलं. लॉकियर आले होते, अगदी नक्की आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पौष अमावास्या, थंडीचे दिवस, पावसाचं नाव नाही. मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून कोणी कुठलं यंत्र कधी चालवायचं याची आधी कवायत. हे वाचताना आबांचा चेहरा बघण्यासारखा होता. खलाशांचं काम होतं ना!

१८६८ च्या ऑगस्टात मात्र लॉकियर इंग्लंडात होते, लष्करी खात्यात कारकून. ते ग्रहण पाहिलं फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी, गुंटूरहून. लॉकियरनी त्याच ऑक्टोबरात, ग्रहणाची वाट न बघता, इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हीलियमचं नाव आलं. १८९५ मध्ये रॅमसे यांना तो पृथ्वीवरच्या खनिजातही सापडला. म्हणजे साहेब आमच्या बंदरात उतरले तेव्हा हीलियम सापडून जुना झाला होता.

मास्तरांचं म्हणणं, हे आताच चव्हाट्यावर नको. मी उलट बाजूचा. दोन बैठका त्यातच गेल्या. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. ज्याने सूर्यावरचा वायू ओळखला तो माणूस तीस वर्षांनी, 'सर' होऊन, आपल्या किल्ल्यावर तंबू ठोकून बसला, हे काय कमी आहे? शेवटी ठरलं, आधी ओटे नीट मोजून नोंदवायचे.

एका रविवारी टेप, वही आणि कोयता घेऊन चढलो. ओट्यांवर गवत माजलेलं. आबा कोयत्याने सोरत होते, मी आकडे लिहीत होतो. इतक्यात एक सहल आली. तिच्याबरोबरच्या पोराला आम्ही सगळी हकिकत आधीच सांगितली होती, आणि त्याने तारीख चोख सांगितली, १८९८. मला भरून आलं.

"आणि त्याच दिवशी," तो पुढे म्हणाला, "साहेबाला या ओट्यावर हीलियम सापडला."

आबांनी कोयता थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी टेपचं दुसरं टोक पुढच्या ओट्याच्या कोपऱ्याला लावलं.