बागेतली पारख

भुसार मालाच्या पेढीवर उभे आयुष्य गेलेल्या माणसाला नमुना तळहातावर घेतल्याखेरीज भाव बोलवत नाही. गेल्या जून महिन्यात इंग्लंडमधील लेस्टर शहरी, मुलीच्या घरामागील बागेत, ही सवय निराळ्याच कारणाने कामी आली.

आधल्या उन्हाळ्यात नातवाला गांधीलमाशी डसली होती व त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता. त्यामुळे कुंपणावरील ब्लॅकबेरीच्या फुलांवर लोकरी अंगाचे, गुबगुबीत कीटक दिसू लागताच जावईबापूंनी कीटकनाशक फवारण्याचे ठरविले. मनातून कोणालाच ते रुचत नव्हते. पण प्रश्न मुलाचा होता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

तेथे बंबलबी नावाची थंड प्रदेशातील केसाळ मधमाशी बागोबाग आढळते. तिच्या मादीला नांगी असते. पण तिच्यासारखाच वेश घेणाऱ्या काही माश्याही असतात. त्यांना हॉवरफ्लाय म्हणतात. त्यांना नांगी मुळीच नसते. माशीला पंख दोन, मधमाशीला चार. परंतु मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असल्याने ही मोजणी अवघड जाते. डोके पाहावे हे सोपे. माशीचे डोळे मोठे, जवळजवळ सारा चेहरा व्यापणारे, आणि स्पर्शिका अगदी आखूड. मधमाशीचे डोळे बाजूला, लांबट. स्पर्शिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या. मधमाशीच्या मागच्या पायावर परागाचा गोळा दिसला, तर शंकाच उरत नाही. आणि हवेत एका जागी दिव्यासारखी स्थिर राहून, क्षणात बाजूला सरकणारी बहुधा माशीच.

आठ दिवसांत दोन जातींची ओळख पटली. पहिली व्होल्युसेला बॉम्बिलान्स. हिचे एक रूप काळे व तांबड्या शेपटीचे, तर दुसरे पिवळ्या पट्ट्यांचे व पांढऱ्या शेपटीचे. प्रत्येक रूप निराळ्या बंबलबीची नक्कल करते. हिच्या अळ्या बंबलबीच्याच घरट्यात राहून तेथील केरकचरा व मेलेली पिल्ले खातात. दुसरी मेरोडॉन इक्वेस्ट्रिस. हिच्या मागच्या जाड मांडीवर त्रिकोणी उंचवटा असतो. हिची अळी डॅफोडिलचा कांदा आतून पोखरते. म्हणजे निरुपद्रवी नांगीहीन जीवही बागेचे थोडे नुकसान करतोच, हे जावयांपासून लपविले नाही.

योगायोग असा, की या नकलेचे मर्म जगाला सांगणारा हेन्री वॉल्टर बेट्स याच शहरात १८२५ साली जन्मला. घरचा धंदा पायमोज्यांचा. तेराव्या वर्षी तो त्याच व्यवसायात उमेदवारीस लागला. फावल्या वेळात तो कीटक गोळा करी. १८४८ साली वॉलेसबरोबर तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात गेला व अकरा वर्षे राहिला. पक्ष्यांना नकोशा असणाऱ्या फुलपाखरांचे रूप चविष्ट फुलपाखरे घेतात व त्यामुळे वाचतात, हा सिद्धांत त्याने १८६२ साली मांडला.

व्यापाऱ्याला ही गोष्ट लगेच उमगते. खोट्या नाण्याची चलती खऱ्या नाण्याच्या पतीवर असते. नांगीचा अनुभव घेतलेला पक्षी पुढे त्या रंगाला हात लावीत नाही. माशीचे संरक्षण मधमाशीने कमावलेल्या त्या पतीवर चालते. नकली माल फार वाढला, तर पक्ष्यांचा धाक ओसरतो आणि तोटा दोघींचाही होतो. फरक इतकाच, की बाजारातील नक्कल दुसऱ्याला लुबाडण्यासाठी असते, ही जीव वाचविण्यासाठी.

याच लेस्टरमध्ये जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून तीस वर्षे स्वतःच्या बागेची नोंद ठेवली आणि २,६७३ प्रकारचे जीव व वनस्पती मोजल्या. हा आकडा ऐकल्यावर जावई बराच वेळ गप्प होते. फवारा कोणाला डसणारे व कोणाला निरुपद्रवी म्हणून निवडीत नाही, एवढेच मी म्हणालो.

बागेत खऱ्या बंबलबीही होत्याच. फुलावर कामात असलेली बंबलबी दाबल्या-डिवचल्याशिवाय सहसा डसत नाही, हे नातवाला समजावले आणि हातभर अंतर राखून पाहण्याचा नियम घातला. फवाऱ्याची बाटली दुकानात परत गेली. यंदा वसंतात डॅफोडिलचे काही कांदे फुलले नाहीत. मुलीने त्या जागी दुसरी रोपे लावली आहेत.