मालेगावची चिक्की आणि सहा डिसेंबरची शिदोरी

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने एसटी निघाली आणि चांदवडचे डोंगर मागे पडले की मालेगाव जवळ येते. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हे गाव २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे ठाऊक. मला मात्र ते ठाऊक आहे मागांच्या खडखडाटामुळे आणि ताईच्या घरामुळे. गावाच्या मधून मोसम नदी वाहते. नारो शंकरांचा भुईकोट किल्ला तिच्याच काठाला. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग मांडले. पुढे त्यांचे यंत्रमाग झाले आणि गावाचे पोट त्यावर चालू लागले. दाजी अशाच एका कारखान्यात माग चालवतात. जेवढे कापड निघेल तेवढी मजुरी. शुक्रवारी माग बंद, म्हणून घरातली मोठी कामे शुक्रवारची.

नोव्हेंबर अखेरच्या एका शुक्रवारी मी ताईकडे होते. घरात एकच विषय, महापरिनिर्वाण दिनाला दादरला जायचा. मालेगावहून मनमाड, मनमाडहून रेल्वे. यंदा ताईच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, पहिल्यांदाच निघणार होत्या. वय सत्तरीच्या पुढे. आजवर कधी मजुरी बुडेल म्हणून, कधी लेकरे लहान म्हणून त्यांचे जाणे राहून गेले होते. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, स्टेशनवर उतरून काही घ्यावे तर गाडी सुटायची भीती. भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते, भाजी आंबते. तेव्हा ताईने ठरवले, यंदा शिदोरीला शेंगदाण्याची चिक्की करायची. हंगामही तोच असतो. नवी शेंग बाजारात आलेली, नवा गूळ यायला लागलेला.

मी म्हणाले, "विकत का नाही आणत? तुमच्या तालुक्यात तर गोळ्यांचा मोठा कारखाना." रावळगाव मालेगाव तालुक्यातलेच. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखर उद्योग उभा केला, पुढे तिथल्या गोळ्या देशभर गेल्या. पान पसंद, मँगो मूड कोणाच्या लहानपणी नव्हत्या? २०२४ साली ही नावे रिलायन्सने विकत घेतली. ताई हसून म्हणाली, "गोळी चघळून भूक जात नाही गं. चिक्कीत दाणा असतो, पोटाला आधार होतो."

ते खरेच आहे. लोणावळ्याच्या चिक्कीची गोष्टही अशीच सांगतात. बोरघाटात लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांना गूळ-दाण्याची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली. तो घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला. आज सहलीची खूण म्हणून आणतात तो पदार्थ मुळात अंगमेहनतीच्या माणसाचा आहे.

आमचा पहिला घाणा फसला. गूळ नुसता वितळला तशी ताईने दाणे घातले. वडी पडलीच नाही, दातांना चिकटू लागली. तेव्हा आत्याबाई पाट ओढून चुलीपाशी बसल्या आणि पुढचे त्यांनी सांगितले तसे केले. भगिनींच्या उपयोगासाठी ते इथे देते.

अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत. गार झाले की चोळून साले काढावीत, सुपात पाखडावेत आणि दाण्याची दोन डाळिंबे होतील इतपतच रगडावेत. चारशे ग्रॅम चिक्कीचा गूळ बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत दोन चमचे पाणी व चमचाभर तेल घालून ठेवावा आणि सारखा ढवळावा. आधी मोठा फेस येतो, मग तो बारीक होऊन रंग गडद होतो. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहावा. गोळी मऊ राहिली, ताणली गेली, तर पाक कच्चा. कट्ट आवाज होऊन मोडली, तर झाला. लगेच आच बंद करून दाणे मिसळावेत. तेल लावलेल्या पोळपाटावर गोळा ओतून तेल लावलेल्या लाटण्याने भराभर लाटावा आणि गरम असतानाच सुरीने रेघा माराव्यात. गार झाल्यावर वड्या आपोआप सुटतात.

यात जादू नाही. उकळताना गुळातले पाणी निघून जाते. पाणी राहिले तर चिक्की चिवट, जवळजवळ सगळे गेले तर काचेसारखी कडक. हवेतला ओलावा ती ओढून घेते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी. आणि लेकरांना दूर ठेवावे. पाक उकळत्या पाण्याहूनही कितीतरी गरम असतो, अंगाला चिकटला की सुटत नाही.

"तुम्हाला पाकाची एवढी पारख कुठून?" मी आत्याबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "गुऱ्हाळावर, बाई. चुलवाणात चिपाडं घालायला आम्हीच असू. काहिलीतल्या रसाच्या वासावरून गूळ झालेला कळायचा. पण ढेपेला हात लावायचा नाही. आमच्या वाट्याचा गूळ वरून पळसाच्या पानावर टाकायचे. पान खाली पडलं तर मातीतला उचलायचा." बोलता बोलता त्या वड्या मोजत होत्या.

मला बाबासाहेबांच्या बालपणीचा प्रवास आठवला. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती मुले. मसूर स्टेशनला उतरली, बैलगाडीने पुढे निघाली. जवळ शिदोरी भरपूर होती, पण अस्पृश्य म्हणून वाटेत पाणी मिळाले नाही. अन्न असून मुले उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे.

हे मी बोलले तेव्हा दाजी म्हणाले, "मग नुसती चिक्की नको. पाण्याच्या बाटल्याही जास्त घेऊ." ताईने आणखी एक किलो दाणे आणायला मुलाला पिटाळले. मोठा डबा नव्हता, तो शेजारच्या खालांनी दिला. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यांच्या घरी पहिल्या वड्या गेल्या.

पाच तारखेला मनमाड स्टेशनवर निळ्या झेंड्यांची गर्दी होती. याच मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले होते. डब्यात कशीबशी जागा मिळाली. समोर एक अनोळखी बाई दोन लेकरे घेऊन उभी होती. आत्याबाईंनी डबा उघडला, वडी तिच्या हातावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग पाण्याची बाटली पुढे केली. कोण, कुठली, कोणत्या जातीची, हे त्यांनी विचारले नाही. ती बाई "जयभीम, आजी" म्हणाली आणि आत्याबाईंनी सरकून तिच्या धाकट्याला मांडीवर घेतले.

भगिनींनो, यंदा शिदोरी बांधाल तेव्हा चार वड्या आणि एक बाटली दुसऱ्यासाठी जास्त बांधा.